भाडं काकींचं, रिटर्नही काकींचंच

पहाटे साडेपाच

बुधवार, १० सप्टेंबर २०२५. रिटर्न भरायची मुदत येत्या सोमवारी, १५ तारखेला संपते आहे. एरवी ही तारीख ३१ जुलै असते. यंदा फॉर्ममध्ये बरेच बदल झाले म्हणून केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २७ मे रोजीच ती पुढे ढकलली. (अगदी शेवटच्या रात्री आणखी एक दिवस वाढवून मिळाला, पण त्या बुधवारी ते कोणालाच ठाऊक नव्हतं.)

मी माकुणसारला राहते आणि आमच्या या पट्ट्यातल्या वयस्कर माणसांची रिटर्न भरून देते. त्यांच्या उत्पन्नाचा साचा बराचसा सारखा असतो. घरची वाडी, पेन्शन नाहीतर फॅमिली पेन्शन, पोस्टात ठेवलेले पैसे आणि बोईसरला भाड्याच्या खोल्या. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि बाहेरगावाहून आलेल्या कामगारांना राहायला जागा लागली. इकडच्या शिक्षकांनी, रेल्वेत नोकरी केलेल्यांनी, वाडीवाल्यांनी पोटाला चिमटा घेऊन तिकडे गुंठा-दोन गुंठे घेतले आणि पत्र्याच्या खोल्या काढल्या. ती माणसं आता सत्तरी-ऐंशी ओलांडून बसली आहेत. औषधपाणी, लग्नाकार्यातला आहेर, नातवंडांच्या हातावर ठेवायचे पैसे, सगळं त्या भाड्यातून निघतं. त्या भाड्याचा हिशेब मात्र बहुतेक घरांत कोणीतरी दुसराच सांभाळत असतो.

आज तीन घरं करायची आहेत. पहिलं गावातलंच.

सात

काकी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. काका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. बोईसरच्या सात खोल्या त्यांनी मृत्युपत्र करून काकींना दिल्या आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर काकींचंच नाव चढलेलं आहे. हे एवढं जागेवर असलं की माझं निम्मं काम हलकं होतं.

चहाचा कप पुढे सरकवून काकी म्हणाल्या, “बाय, यंदा तू उगाच आलीस. पंचाहत्तर झाल्यावर रिटर्न भरायचं नसतं. देवळात सगळ्या सांगत होत्या.”

हा समज मी घराघरांत ऐकते, आणि त्याने अनेकांचं नुकसान होतं म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. २०२१ च्या अर्थसंकल्पात कलम १९४-पी आलं. पंचाहत्तर पूर्ण केलेल्या, भारतात राहणाऱ्या माणसाचं उत्पन्न फक्त पेन्शन आणि व्याज एवढंच असेल, ते व्याजही ज्या बँकेत पेन्शन येते त्याच बँकेचं असेल आणि त्याने त्या बँकेला तसं घोषणापत्र दिलं असेल, तरच बँक कर कापून घेते आणि त्याला रिटर्न भरावं लागत नाही. एक रुपया भाडं आलं की ही सवलत संपली. पोस्टातल्या ठेवीचं व्याज आलं तरी संपली. काकींकडे दोन्ही आहेत. बातमीचं शीर्षक गावभर पोचलं, अटी मात्र कोणापर्यंत पोचल्या नाहीत.

“मग मला कर बसणार?”

“नाही बसणार काकी. तरी रिटर्न भरायचंय. वही काढा.”

काकींची वही बघण्यासारखी आहे. काकांनी लावलेली सवय त्यांनी मोडली नाही. प्रत्येक खोलीला एक पान, दर महिन्याची तारीख आणि रक्कम. खोलीला महिना ४,००० रुपये. सात खोल्यांचे वर्षाचे ३,३६,००० व्हायला हवेत. एक खोली तीन महिने रिकामी होती, ते १२,००० गेले. एक भाडेकरू दोन महिन्यांचं न देता गावी निघून गेला, ते ८,००० गेले. रिकाम्या महिन्यांचं भाडं कायदा धरत नाही. बुडालेलं भाडंही वजा होतं, मात्र माणूस खरंच सोडून गेलेला असावा, मालकाच्या दुसऱ्या कुठल्या जागेत राहत नसावा आणि वसुलीसाठी कोर्टात जाण्यात अर्थ नाही हे पटण्यासारखं असावं. उरले ३,१६,०००. त्यातून वर्षभरात काकींनी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी ८,५०० वजा. राहिले ३,०७,५००.

आता येते ३० टक्क्यांची वजावट. ३,०७,५०० चे ३० टक्के म्हणजे ९२,२५०. काकींचं भाड्याचं करपात्र उत्पन्न २,१५,२५० रुपये.

“पण मी गेल्या मे महिन्यात पत्रे बदलले, त्याचे ४२,००० गेले. पावती आहे ना माझ्याकडे!” काकींनी पावती जपून पिशवीत ठेवली होती. मला त्यांना सांगावं लागलं की ती पावती इथे चालत नाही. पत्रे, रंग, नळ, गटार, भाडेकरू आणून देणाऱ्याची दलाली, सगळं त्या ३० टक्क्यांत आलं. एक रुपया खर्च केला नाही तरी ३० टक्के मिळतात आणि लाखभर खर्च झाला तरी ३० टक्केच मिळतात. काकींना ते पटलं नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत पत्रा किती वर्षं टिकतो हे दिल्लीत बसून कळत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. तरी वयस्कर माणसांसाठी मला ही सरसकट वजावटच बरी वाटते. प्रत्येक खिळ्याची पावती जपायला लावली असती तर निम्म्या लोकांना काहीच मिळालं नसतं.

बाकीचं भराभर झालं. फॅमिली पेन्शन वर्षाला २,१६,०००. त्यातून नव्या करप्रणालीत २५,००० वजा होतात, जुन्या प्रणालीत १५,०००. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख, त्यावर ८.२ टक्क्यांनी १,२३,००० व्याज. वाडीतले नारळ खंडाने दिले आहेत, त्याचे ४०,०००. ते शेतीचं उत्पन्न, त्यावर कर नाही, पण ते रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. नव्या प्रणालीत एकूण ५,२९,२५०. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी नव्या प्रणालीत सात लाखांपर्यंत कलम ८७-ए ची सूट आहे, म्हणून कर शून्य. जुन्या प्रणालीत व्याजावरची ८०-टीटीबीची ५०,००० वजावट धरली की ४,८९,२५० उरतात. तिथे सूट पाच लाखांपर्यंत, म्हणून तिथेही शून्य.

मग भरायचं कशासाठी? पहिलं कारण म्हणजे रिटर्न भरायचं की नाही हे देय करावरून ठरत नाही. वजावटी घेण्याआधीचं उत्पन्न मूळ मर्यादेपेक्षा, म्हणजे या वर्षासाठी नव्या प्रणालीत ३ लाखांपेक्षा जास्त असलं की रिटर्न बंधनकारक. सूट मिळून कर शून्य होणं ही त्यानंतरची पायरी. दुसरं कारण ऐकून काकी सरसावून बसल्या. पोस्टाने त्यांच्या व्याजातून १० टक्के, म्हणजे १२,३०० रुपये कापून घेतले आहेत, कारण कर कापू नका असं सांगणारा १५-एच फॉर्म एप्रिलमध्ये द्यायचा राहून गेला. ते पैसे परत मिळवायला रिटर्न हाच मार्ग आहे. मुदत चुकवली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं, पण तेव्हा जुनी प्रणाली निवडता येत नाही आणि उत्पन्न पाच लाखांच्या वर म्हणून ५,००० रुपये विलंबशुल्क.

सगळं जुळवताना एक गोष्ट खटकली.

“काकी, वहीत सात खोल्यांचं भाडं आहे. पासबुकात तीनच खोल्यांचं दिसतंय.”

“बाकीचं दादाच्या मोबाइलवर जातं. आता सगळे मोबाइलवरनंच देतात ना. मला कुठे ते जमतंय?”

दादा म्हणजे थोरला मुलगा, पुण्याला असतो. मी त्याचा नंबर लिहून घेतला आणि रात्री बोलायचं ठरवलं.

दहा

सफाळे स्टेशनपर्यंत रिक्षा, पुढे डहाणू लोकल. डब्यात केळव्याचे एक ओळखीचे गृहस्थ भेटले. त्यांनी समुद्राकडच्या घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आहे, नाश्ता-जेवणासकट. ते हे उत्पन्न घरभाडं म्हणून दाखवायचं म्हणत होते. पण चादरी, जेवण, साफसफाई अशी सेवा देऊन दिवसावर खोली देणं हा धंदा झाला. तिथे ३० टक्के वजावट मिळत नाही, प्रत्यक्ष खर्च वजा होतो. शिवाय धंद्याचं उत्पन्न नसलेल्या साठीपुढच्या माणसाला आगाऊ कर भरावा लागत नाही, ती माफीही जाते. तसंच मोकळ्या जमिनीचं. खोली नसलेला नुसता प्लॉट ट्रक उभे करायला भाड्याने दिला, तर ते घराचं उत्पन्न धरलं जात नाही आणि ३० टक्केही मिळत नाहीत. एवढं होईपर्यंत पालघर आलं आणि ते उतरले.

साडेअकरा

बोईसरला आले ते घरपट्टीच्या पावतीसाठी. काकींच्या वहीत ८,५०० लिहिलेले होते, पण पावती सापडत नव्हती. ही वजावट मालकाने स्वतः आणि त्या आर्थिक वर्षात भरलेल्या रकमेचीच मिळते. भाडेकरूने भरली असेल तर मिळत नाही. मार्चची घरपट्टी एप्रिलमध्ये भरली तर ती पुढच्या वर्षात जाते. ग्रामपंचायतीत नमुना ८ चा क्रमांक सांगितल्यावर नोंद निघाली. रक्कम बरोबर होती आणि तारीख फेब्रुवारीची. काकींच्या वहीवर माझा विश्वास होताच.

तिथून खोल्या बघायला गेले. खोल्यांच्या ओळीच्या टोकाला, मीटरच्या फळीवर, क्यूआर कोडचा कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेला. खाली नाव दादाचं. रात्रपाळी करून आलेले लोक झोपले होते. एक तरुण कपडे वाळत घालत होता. गोरखपूरकडचा, तीन वर्षांपासून इथे राहतो. भाडं वेळेवर देतो. त्याची तक्रार अशी की त्याच्याकडे करारच नाही. बँकेत पत्ता बदलायचा तर कागद मागतात, गॅसच्या जोडणीला मागतात. “आजी तर चांगल्या आहेत मॅडम, पण कागद कोण देणार?”

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. सात खोल्यांची मालकीण असलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाईने हा धोका पत्करणं मला योग्य वाटत नाही. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये आहे, मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, आणि बोटांचे ठसे घेणारं यंत्र घेऊन माणूस घरी येतो. माकुणसारच्या ओटीवर बसून काकी सही करू शकतात. मी त्या तरुणाचा नंबर घेतला.

सव्वा एक

नाना ब्याऐंशी वर्षांचे. बोईसरच्याच एका कारखान्यातून निवृत्त. राहतात त्या फ्लॅटशेजारचा त्यांचा दुसरा फ्लॅट एका कंपनीने आपल्या इंजिनिअरांसाठी घेतला आहे, महिना ३०,०००. वर्षाचे ३,६०,०००, आणि कंपनीने कलम १९४-आय खाली १० टक्के, म्हणजे ३६,००० कापले. घरपट्टी ६,००० वजा करून ३० टक्के काढले की भाड्याचे २,४७,८०० उरतात. बँकेचं व्याज ९०,०००. पेन्शन महिना २,०००. ती प्रमाणित वजावटीतच जिरते. ऐंशी पूर्ण झालेल्यांना जुन्या प्रणालीत पाच लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे नानांचे ३६,००० सगळेच्या सगळे परत यायला हवेत.

पण कापलेल्या कराची नोंद दाखवणारा फॉर्म २६-एएस उघडला तर तिथे २७,०००. शेवटच्या तिमाहीचे ९,००० नाहीत. भाड्यातून मात्र कापलेले आहेत, बँकेच्या पासबुकात दर महिन्याला २७,००० जमा दिसतात. नानांचा आवाज चढला. “माझे पैसे कापले, सरकारला दिले नाहीत, आणि मी हात पसरायचा?”

कंपनीच्या हिशेबनिसाला फोन लावला. कर भरला होता, पण विवरण भरताना पॅनमधलं एक अक्षर चुकलं होतं, त्यामुळे नानांचे ९,००० भलत्याच ठिकाणी जाऊन पडले होते. दुरुस्तीचं विवरण आजच टाकतो म्हणाला. कापलेला कर पुन्हा करदात्याकडे मागता येत नाही असं कलम २०५ सांगतं. कायदा नानांच्या बाजूने आहे. पण बंगळुरूचं संगणकीय केंद्र २६-एएसशी ताळा करतं, तिथे नोंद नसली तर परतावा तेवढा कमी येतो आणि मग पत्रव्यवहार सुरू होतो. म्हणून शनिवारपर्यंत थांबायचं ठरवलं. तोवर नोंद दिसली नाही तरी रिटर्न रविवारी भरून टाकायचं. दुरुस्त रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत करता येतं.

त्याच फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली. १ एप्रिल २०२५ पासून ही कपात महिना ५०,००० पेक्षा जास्त भाड्यालाच लागते. त्याआधी मर्यादा वर्षाला २,४०,००० होती. म्हणजे नानांच्या ३०,००० मधून आता काहीच कापायला नको, आणि कंपनी अजून दर महिन्याला ३,००० कापते आहे. हिशेबनीस गप्प झाला, मग ‘बघतो’ म्हणाला. नानांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि शांतपणे म्हणाले, “बघतो नको, लेखी कळवा.” मला फार बरं वाटलं. आपल्या पैशाबद्दल ब्याऐंशीव्या वर्षी असं ठाम बोलणारा माणूस विरळा.

पुढची अडचण ओटीपीची. नानांच्या आधारला जोडलेला नंबर नातवाचा जुना, बंद पडलेला. ऐंशीपुढच्यांना कागदी रिटर्न देता येतं, पण ते आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ असेल तरच. नानांची घरं दोन म्हणून यंदा आयटीआर-२, आणि तो ऑनलाइनच भरावा लागतो. पडताळणीसाठी त्यांचं नेट बँकिंगही नाही. तेव्हा रिटर्न भरल्यावर आयटीआर-व्हीचा कागद छापायचा, नानांची सही घ्यायची आणि तीस दिवसांत बंगळुरूला पोचेल असा टपालाने पाठवायचा. सही वळणदार आहे अजून त्यांची.

साडेतीन

पालघर. इथलं काम थोडक्यात सांगते, कारण त्यातला मोठा भाग दुःखाचा आहे आणि तो त्या घराचा आहे. वडील गेल्या डिसेंबरमध्ये गेले. मृत्युपत्र नाही. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. घराचा वरचा मजला भाड्याने दिलेला.

अशा वर्षी हिशेबाचे दोन तुकडे पडतात. एप्रिलपासून वडील गेले त्या दिवसापर्यंतचं भाडं वडिलांच्या पॅनवर. त्यासाठी वारसाने आयकराच्या पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करायची, मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडायचा आणि त्यांच्या वतीने रिटर्न भरायचं. त्यानंतरचं भाडं वारसांचं. हिंदू वारसा कायद्याने चौघांचे हिस्से सारखे, म्हणून कलम २६ प्रमाणे प्रत्येकाने पाव हिस्सा आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचा आणि ३० टक्के वजावटही आपापल्या हिश्शावर घ्यायची.

धाकटा म्हणाला, “ताई, आम्ही ते सगळं आईलाच देतो. आईच्याच रिटर्नमध्ये दाखवा.” भावना चांगली आहे. पण मालकी चौघांची असेपर्यंत उत्पन्न चौघांचं. आईलाच द्यायचं मनात असेल तर तिघांनी हक्कसोडपत्र करून ते नोंदवावं, म्हणजे तिथून पुढचं सगळं भाडं कायद्यानेही आईचं होईल. मुलगी पटकन म्हणाली, “करूया. पक्ष संपला की करूया.” भाऊ मान हलवत होते. आई काहीच बोलली नाही.

सात

घरी. नेट संध्याकाळी बरं चालतं. काकींचं रिटर्न भरत बसले. पेन्शनचे आकडे, व्याज, खंडाचे ४०,००० आणि सातही खोल्यांचं भाडं, पासबुकात येवो न येवो. वार्षिक माहिती विवरणात पोस्टाचं व्याज होतं, भाडं नव्हतं. खोल्यांचं भाडं सहसा तिथे दिसत नाही, म्हणून ते दाखवायची गरज नाही असं समजणारे बरेच आहेत. पण भाडेकरू नोकरदार असेल, वर्षाला एक लाखापेक्षा जास्त भाडं देत असेल आणि घरभाडे भत्त्याची सूट मागत असेल, तर तो मालकाचा पॅन देतो आणि खात्याला मालक कळतो. आणि तसं कळलं नाही तरी काकींच्या वहीत जे आहे तेच रिटर्नमध्ये असलं पाहिजे.

साडेआठ

दादाचा फोन. त्याचा प्रश्न तयारच होता. “चार खोल्यांचं भाडं माझ्या खात्यात येतं, तर मी ते माझ्या रिटर्नमध्ये दाखवू का? की कोणीच नको?”

दादाला मी लहानपणापासून ओळखते. तो पैसे खाणारा माणूस नाही. भाडेकरूंची पोलिसांकडची माहिती तोच भरतो, पत्रे बदलायला रजा काढून तोच आला होता. गेल्या वर्षी आईच्या मोतीबिंदूचा खर्च त्याने केला. पण त्याला स्पष्ट सांगावं लागलं. घर ज्याच्या नावावर, भाडं त्याचं उत्पन्न. ते कोणाच्या खात्यात जातं याने फरक पडत नाही. तू दाखवलंस तर ३० टक्क्यांच्या टप्प्यात जाईल, आणि ते तुझं नाहीच. कोणीच दाखवलं नाही तर ते आईने लपवलेलं उत्पन्न ठरतं, आणि नोटीस तिच्या नावाने येते, तुझ्या नावाने नाही.

“मग खोल्या माझ्याच नावावर करून घेऊ? बक्षीसपत्राला दोनशे रुपये मुद्रांक लागतो म्हणतात.”

निवासी घर मुलाला बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, हे खरं. वर नोंदणीचा खर्च येतो. त्यानंतरचं भाडं मुलाचं आणि करही मुलाचा. पण काकींना आज कर शून्य आहे. शून्य कराच्या जागी ३० टक्के ओढवून घ्यायचे आणि वर आईच्या हातातली मिळकत काढून घ्यायची, यात फायदा कोणाचा? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ असं आहे की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, मुलाने सांभाळलं नाही तर, परत मिळवता येते. आईला त्या कलमाच्या दारात उभं राहावं लागेल अशी वेळच कशाला आणायची? मी त्याला म्हटलं, “दादा, करासाठी घर नावावर करून घेऊ नकोस. आईला मनापासून द्यायचं असेल तर ती मृत्युपत्रात लिहील, काकांनी लिहिलं तसं.”

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तिचा यूपीआय कसा काढायचा?”

काकींच्या बँक खात्याचा क्यूआर कोड बँकेत अर्ज करून मिळतो. बोईसरच्या फळीवर तो लावायचा. भाडं आलं की काकींच्या साध्या मोबाइलवर संदेश येईल, तो बघून त्या वहीत लिहितील. दादाला पत्र्यांसाठी, येण्याजाण्यासाठी पैसे हवे असतील तर आईने त्याला द्यावेत. आईने मुलाला दिलेल्या पैशावर त्याला कर लागत नाही. म्हणजे देणारी ती राहील. रविवारी येतो म्हणाला दादा, आणि त्या तरुणाच्या कराराचंही बघतो.

पुढच्या वर्षी आकडे बदलतील. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत मूळ मर्यादा ४ लाख आहे आणि १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो. १ एप्रिल २०२६ ही नवा आयकर अधिनियम २०२५ लागू होण्याची तारीख, त्यात कलमांचे क्रमांकही वेगळे आहेत. पण घरपट्टी वजा करून ३० टक्के सोडायचे ही रीत त्यातही आहे, आणि भाडं मालकाच्याच नावाने दाखवायचं हेही तसंच आहे.

तुमच्या घरात साठी ओलांडलेली आई, वडील, आत्या, काकी कोणी असेल आणि खोल्या त्यांच्या नावावर असतील, तर येत्या एक तारखेचं भाडं त्यांच्या खात्यात जाऊ द्या. रिटर्न भरताना त्यांच्याजवळ बसा, आकडे त्यांना वाचून दाखवा आणि सही त्यांना विचारून घ्या. तुमच्या मदतीची त्यांना गरज आहे. पण हिशेब त्यांचा आहे.